लेक जर्मनीला निघाली आहे. तिथलं सिम कोणतं घ्यावं, आणि इथल्या नंबरचं काय करावं?

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, राहायला पाथर्डी फाट्याला. मुलगी मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करायला जर्मनीत माग्देबुर्गला चालली आहे. १ ऑक्टोबरला सेमिस्टर सुरू होतं, म्हणजे गणपती उठले की निघायचीच तयारी. अर्ज, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी तिथल्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं), होस्टेलची खोली, सगळं पोरीनं एकटीनं निस्तरलं. मोबाईलचं तेवढं मी बघतो असं मीच तिला म्हणालो, आणि आता तेच काही सुटत नाहीये.

एमजी रोडला तीन दुकानं फिरलो. एक म्हणाला, इथूनच महिन्याचा रोमिंग पॅक मारून द्या. दुसऱ्यानं ट्रॅव्हल ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं प्रवासापुरतं सिम, घ्यायला सांगितलं. तिसरा म्हणाला, काही करू नका, तिथे उतरल्यावर विमानतळावरच घेतील. पुण्याच्या भाच्याचं वेगळंच. त्याच्या मित्रानं तिकडे दोन वर्षांचा प्लॅन घेतला, त्यावर नवा फोन जवळपास फुकट मिळाला, तर तसंच करा म्हणतो.

तिचा आत्ताचा नंबर अकरावीपासूनचा आहे. तेव्हा ती अठराची नव्हती म्हणून सिम माझ्या नावावर घेतलं होतं. बँक, एज्युकेशन लोन, आधार, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. तो तसाच ठेवायचा का, आणि ठेवायचा तर कसा? तिला रोज दोन जीबी लागतात, तसा प्लॅन तिकडे कितीला पडेल? आणि माझी आई सिन्नरला असते, तिच्याकडे बटणांचा फोन आहे, व्हॉट्सअॅप नाही. नातीचा आवाज दर रविवारी कानावर पडला नाही तर तिला चैन पडत नाही. त्याचीही काही सोय होईल का? कुणी स्वतः यातून गेलेलं असेल तर कृपया सांगा.

गोदाकाठची

काका, मी गंगापूर रोडची. सध्या जर्मनीतच आखेनला आहे, तिसरं सेमिस्टर चालू आहे. तुमचं वाचून माझे बाबा आठवले, तेही असेच सीबीएसपासून शालिमारपर्यंत विचारत फिरले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भारतातल्या नंबरचं, कारण ते काम नाशिकमध्ये असतानाच करावं लागतं. जर्मनीतलं सिम चुकीचं घेतलं तर महिन्याभरात बदलता येतं. भारतातला नंबर एकदा गेला की बँकेचं दार बंद. त्यामुळे नंबर ठेवायचाच. निघण्याआधी कंपनीच्या अॅपमधून किंवा कस्टमर केअरला फोन लावून त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या. महागडा पॅक मारायची गरज नाही. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट असतो, आणि आपल्याला ओटीपीपुरताच तो नंबर हवा असतो. मात्र त्या सिमवर कुणाचा फोन आला आणि तिनं उचलला, तर पैसे लागतात. भारतातल्या सिमचं डेटा रोमिंगही विमानात बसायच्या आधीच बंद करायला सांगा. आणि नातेवाइकांना आत्तापासून सांगून ठेवा की त्या नंबरवर साधा फोन करायचा नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भारतातला नंबर प्लास्टिकच्या सिमवरच राहू द्या, त्याचं ई-सिम करू नका. ई-सिम करायचं तर जर्मनीच्या नंबरचं करा. इथे आल्यावर दुसऱ्याच महिन्यात सायकलवरून पडून माझा फोन गेला, स्क्रीन काळी ती काळीच. त्याच संध्याकाळी लोनच्या हप्त्यासाठी ओटीपी लागणार होता. सिमचा ट्रे काढायची पिन सापडेना. शेवटी कानातल्याच्या तारेनं ट्रे उघडला, सिम काढून शेजारच्या खोलीतल्या केरळच्या मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये टाकलं, आणि पाच मिनिटांत एसएमएस आला. तिच्याच वर्गातल्या एकाचा भारतातला नंबर ई-सिमवर होता आणि त्याचाही फोन असाच मेला. ते ई-सिम नव्या फोनवर घ्यायचं तर खात्री करण्याचा एसएमएस त्याच मेलेल्या फोनवर जाणार. सुट्टीत घरी जाईपर्यंत तो तसाच अडकून राहिला.

याच कारणासाठी नवा फोन घ्यायचा असेल तर आत्ताच, नाशिकमध्ये घ्या. भारतात विकत घेतलेला फोन कुठल्या कंपनीला बांधलेला नसतो, तो इथे व्यवस्थित चालतो. पण घेताना त्यात एक साधं सिम आणि एक ई-सिम एकाच वेळी चालतं ना, ते दुकानात विचारून घ्या. यूपीआयचं अॅप नव्या फोनवर चालू करताना भारतातल्या सिमवरून एसएमएस बाहेर जावा लागतो. तो परदेशातून कधी जातो, कधी जात नाही, आणि गेला तर पैसे कापतो. निघण्याच्या किमान आठवडाभर आधी सगळी अॅप नव्या फोनवर चालू असली पाहिजेत.

आता इथलं. विमानतळावर सिम घेऊ नका, तिथे फार महाग पडतं. पहिल्या चार-पाच दिवसांसाठी छोटं ट्रॅव्हल ई-सिम चांगलं. त्यात नुसता डेटा असतो, नंबर नसतो, पण ट्रेन बघायला, नकाशाला आणि तुम्हाला 'पोचले' असा मेसेज करायला तेवढं पुरतं. फ्रँकफर्टला उतरणार असेल तर विमानतळावर वायफाय फुकट आहे.

मग होस्टेलला पोचल्यावर सुपरमार्केटमधून प्रीपेड घ्यायचं. आल्डी, लिडल, एडेका ही इथली किराणा दुकानं, त्यांची स्वतःची सिम असतात आणि ती बिलिंग काउंटरपाशी टांगलेली दिसतात. स्टार्टर पाकीट साधारण दहा युरोला मिळतं. ही कार्ड मोठ्या कंपन्यांच्याच टॉवरवर चालतात: आल्डीचं ओटूवर, लिडलचं व्होडाफोनवर, एडेकाचं टेलिकॉमवर. माझ्या अनुभवात शहरात तिन्ही चालतात. ट्रेनमध्ये आणि खेडेगावाच्या बाजूला टेलिकॉम जास्त टिकतं. माग्देबुर्गला तिच्या होस्टेलवर कुठलं नीट येतं, ते तिथल्या सीनियर मुलांना एका मेसेजमध्ये विचारता येईल. होस्टेलचं तळघर, जिथे कपडे धुवायची मशीन असतात, तिथे रेंज येते का हेही विचारायला सांगा. आमच्याकडे तिथे काहीच येत नाही.

सिम विकत घेतलं म्हणजे चालू झालं असं नाही. जर्मनीत २०१७ च्या जुलैपासून प्रीपेड सिमसुद्धा ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही, आणि त्यासाठी इथला पत्ता लागतो, होस्टेलचा चालतो. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा असतो. मी दोनदा प्रयत्न केला. समोरची बाई सांगत होती, पासपोर्ट दिव्याखाली तिरका धरा, आणखी तिरका, आता बोट बाजूला, आणि प्रत्येक वेळी वायफायनं दगा दिला. तिसऱ्या दिवशी कागद छापून पोस्टात गेले, खिडकीवरच्या माणसानं पासपोर्ट बघितला, शिक्का मारला, आणि संध्याकाळी सिम चालू. तर व्हिडिओ जमला नाही तर घाबरू नका, पोस्टाचा पर्याय असतो. फक्त ते दोन-तीन दिवस धरून ट्रॅव्हल ई-सिम घ्या.

रोज दोन जीबीचं म्हणाल तर इथे तसा हिशोबच नाही. जे काही जीबी मिळतात ते चार आठवड्यांचे. आठ-दहा युरोत चार आठवडे निघतात. ऐकायला कमी वाटतं, पण होस्टेलला वायफाय असतं, आणि विद्यापीठात एडुरोम नावाचं वायफाय असतं, एकदा लॉगिन केलं की दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठातही आपोआप लागतं. माझा महिन्याचा वापर सहा जीबीच्या वर गेलेला नाही. मात्र मुदत महिन्याची नसून २८ दिवसांची आहे, आपल्यासारखीच. वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज धरा.

आणि काका, भाच्याच्या मित्राचं ऐकू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण मी तेच केलं. दुसऱ्या आठवड्यात बँक खातं उघडलं, त्याच दिवशी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. विकणारा मुलगा इंग्रजी छान बोलत होता. ४० जीबी, पहिले सहा महिने १४.९९ युरो. टॅबवर सही केली. सातव्या महिन्यापासून २९.९९ कापायला लागले, कारण कागदावर तसंच होतं, जर्मनमध्ये, दुसऱ्या पानावर. २४ महिन्यांचा करार. बेरीज करून बघितली, सहाशे तीस युरोला टेकते. नऊ युरोचं प्रीपेड तेवढ्याच काळासाठी २३४ मध्ये झालं असतं. वर मला वाटलं होतं चौदा दिवसांत परत करता येतं. ती सवलत ऑनलाइन किंवा फोनवर केलेल्या कराराला आहे, दुकानात स्वतः जाऊन सही केली तर कायद्यानं मिळत नाही. बाबांना हे सांगायला मला दोन महिने लागले.

आता रद्द करण्याची नोटीस देऊन ठेवली आहे. वेबसाइटवर रद्द करण्याचं बटण असतंच, २०२२ पासून ते ठेवणं बंधनकारक आहे. पण करार संपायचा तेव्हाच संपणार. तिनं कधी पुढे करार घेतलाच, तर सही करायच्या आधी त्याचा गोषवारा मागून घ्यावा, तो द्यावाच लागतो, आणि फोनच्या भाषांतराच्या अॅपमधून शब्द न् शब्द वाचावा. पण पहिल्या वर्षी तरी नकोच. इंटर्नशिप कुठल्या शहरात लागेल, पार्टटाइम काम मिळेल की नाही, काहीच ठरलेलं नसतं. प्रीपेडमध्ये पैसे संपले की प्लॅन थांबतो, कुणी खात्यातून ओढून नेत नाही.

फिरायला गेली तर युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात तिचा जर्मन प्लॅन तसाच चालेल. आखेन तर तीन देशांच्या हद्दीवर आहे, सायकलवर माझा फोन आपोआप नेदरलँड्सचं नेटवर्क पकडतो, एक पैसा जास्त लागत नाही. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. तिथे जाताना त्या प्लॅनमध्ये तो देश आहे का बघून घ्यावं, नसेल तर डेटा बंद.

आजीचं शेवटी लिहिते, पण ते मला सगळ्यात जवळचं आहे. माझी आजी दिंडोरीला, तिच्याकडेही बटणांचाच फोन. लेबारा, लायका अशा कंपन्यांचे भारतात बोलायची मिनिटं धरून प्रीपेड प्लॅन असतात. थोडे महाग पडतात, पण मी आता दुसऱ्या ई-सिमवर त्यातलाच एक घेतला आहे. घेताना मिनिटं मोबाईलवर लागू आहेत ना, नुसती लँडलाइनवर नाहीत ना, ते बघायचं. वेळेचंही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. आजी साडेसातला जेवून आडवी होते, म्हणून मी हिवाळ्यात दुपारी अडीचला लायब्ररीतून बाहेर जिन्यात येऊन बोलते. जर्मनीचा नंबर ४९ नं सुरू होतो, तो आजीच्या फोनमध्ये नावानं सेव्ह करून ठेवा. नाहीतर ती अनोळखी म्हणून कट करते, माझ्या आजीनं तीन वेळा केला होता.

मखमलाबादकर

दादा, वरच्या मुलीनं खूप छान सांगितलंय. मी आईच्या बाजूनं दोन गोष्टी लिहिते. माझा मुलगा आयर्लंडला कॉर्कला होता. इथल्या नंबरचा रिचार्ज माझ्याकडे होता. द्राक्षाच्या काढणीचे दिवस, घरात मजूर, व्यापारी, त्या गडबडीत रिचार्ज संपल्याचं लक्षातच आलं नाही. रोज त्याच नंबरवरून व्हॉट्सअॅप येत होतं, म्हणून मला वाटलं नंबर चालू आहे. सिम मेलं तरी व्हॉट्सअॅप चालत राहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

फीच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी ओटीपी येईना. मी त्या नंबरवर फोन लावला, तर कुणी भलताच माणूस बोलला. म्हणाला, मी हे सिम नवीनच घेतलंय. माझ्या हातापायातलं बळच गेलं. बँकेत गेले तर म्हणाले, खातेदार स्वतः हवा, नाहीतर तिथल्या भारतीय वकिलातीतून सही साक्षांकित करून पाठवा. तो हप्ता मी माझ्या खात्यातून पाठवला, आणि त्याचा नंबर तो दिवाळीला आल्यावर बदलला.

म्हणून सांगते, महिन्याचा रिचार्ज ठेवूच नका. ट्राय, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना नुसते कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅनही ठेवावे लागतात, आणि मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. ते अॅपमध्ये पटकन दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. वर्षाचा एकदम मारा आणि तारीख देवघराजवळच्या कॅलेंडरवर लिहा, मी तसंच करते. आणि महिन्यातून एकदा मुलीला बँकेचा एक ओटीपी मागवून बघायला सांगा, येतोय म्हणजे नंबर जिवंत आहे.

सिम तुमच्या नावावर आहे ते बदलू नका. माझ्या मुलाचं त्याच्याच नावावर होतं, त्यामुळे मला दुकानात कुणी दाद दिली नाही. तिचं सिम हरवलं तर तुम्ही तुमच्या आधारवर नाशिकमध्ये डुप्लिकेट काढू शकाल. फक्त नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तसा नियमच आहे. त्यामुळे हप्त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कधी थांबू नका.

लेस्टरहून

मी इंग्लंडला आहे, त्यामुळे जर्मनीबद्दल फार बोलत नाही. इथे प्रीपेड सिमला ओळखपत्र लागत नाही, दुकानातून उचललं की चालू. कंपनी बदलताना ६५०७५ वर पीएसी असा एसएमएस केला की कोड येतो आणि नंबर तोच राहतो. ३० दिवसांचे सिम-ओन्ली, म्हणजे फोनशिवाय नुसत्या सिमचे, प्लॅन घेणारेच आमच्यात जास्त आहेत.

एक मात्र तुमच्या कामाचं. काहीजण सांगतील की परदेशी नंबरच यूपीआयला जोडा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं २०२३ च्या जानेवारीत एनआरई आणि एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या, खात्यांसाठी दहा देशांच्या नंबरांना परवानगी दिली, त्या यादीत ब्रिटन होता, जर्मनी नव्हता. तेव्हा त्या भरवशावर भारतातला नंबर सोडू नका.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठची ताई, तुमचं मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कानातल्याच्या तारेचं ऐकून ती लगेच उठली आणि ट्रेची पिन पासपोर्टच्या पाकिटात टाकली.

रविवारी सुट्टी होती, कामाला लागलो. तिचा फोन तीन वर्षांचा, ई-सिम त्यात नाही, म्हणून दोन्ही चालणारा नवा घेतला. यूपीआय, बँकेचं अॅप, डिजिलॉकर सगळं त्यावर चालू केलं. दुकानदार म्हणत होता, भारताचं सिम ई-सिम करून घ्या, सुटसुटीत पडेल. मी नको म्हणालो, प्लास्टिकचंच ठेवलं. रोमिंगची सेवा अॅपमधून चालू झाली. वर्षाचा बिनडेटाचा प्लॅन मखमलाबादच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे अगदी खाली सापडला. तारीख कॅलेंडरवर लिहिली, आणि टूलरूमच्या माझ्या कपाटावरही चिकटवली.

भाच्याला दोन वर्षांच्या कराराचा हिशोब पाठवला. त्यानं मित्राला विचारलं, तर त्याचेही सातव्या महिन्यापासून दुप्पट कापले जात आहेत.

संध्याकाळी सिन्नरला गेलो. मुलीकडे जर्मनीचा नंबर अजून नाही, तर आईच्या फोनमध्ये सेव्ह काय करणार? मग मुलीनं कागदावर मोठ्या अक्षरात '+४९' लिहिलं आणि आजीच्या पलंगाशेजारी भिंतीला लावलं. सांगितलं, आजी, फोनवर सुरुवातीला हे दिसलं की मी आहे, कट करायचा नाही. आईला अक्षरं कमी दिसतात. तिनं त्यावरून दोनदा बोट फिरवलं आणि विचारलं, चार आणि नऊ, एवढंच ना?

एक राहिलं ताई. लेबाराचं घ्यायचं ठरलं तर तेही सुपरमार्केटमध्ये मिळतं की वेगळ्या दुकानात जावं लागतं?

गोदाकाठची

काका, मी ऑनलाइन मागवलं होतं, ई-सिम असल्यामुळे टपालाची वाट बघावी लागली नाही. स्टेशनजवळच्या छोट्या मोबाईल दुकानांतही बहुतेक असतं. पण ओळख पटवायचं काम याही सिमला आहेच, तर दोन्ही सिमचं एकाच फेरीत पोस्टात उरकायला सांगा. पासपोर्ट आणि होस्टेलचा पत्ता असलेला कागद सोबत न्यायला सांगा. आणि ती पोचली की इथे एक ओळ नक्की लिहा.